सबमिशननंतरचा सिनेमा

नागराज मंजुळे म्हटलं की लोकांना ‘सैराट’ आठवतो, फार तर ‘फँड्री’. त्यांचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार मात्र या दोन्हींच्या आधीचा, ‘पिस्तुल्या’ नावाच्या लघुपटाचा. आणि ‘पिस्तुल्या’ हे मुळात कॉलेजातलं प्रोजेक्ट होतं. मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. पुणे विद्यापीठात मराठी घेऊन एम. ए. झाल्यावर ते अहमदनगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात कम्युनिकेशन स्टडीजच्या वर्गात जाऊन बसले. शाळेची ओढ असलेल्या, पण पोटासाठी चोरीच्या वाटेला लावलेल्या भटक्या-विमुक्तांतल्या एका पोराची छोटीशी गोष्ट म्हणजे ‘पिस्तुल्या’. ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कथाबाह्य विभागातला पदार्पणाचा पुरस्कार तिला मिळाला. नगरच्या याच कॉलेजातून पुढे भाऊराव कऱ्हाडे आले आणि त्यांचा ‘ख्वाडा’ आला.

नगरला ना फिल्मसिटी, ना प्रभातचा वारसा. मग त्या वर्गानं दिलं काय? कॅमेरे आणि लेन्सा तर लग्नाची शूटिंग करणाऱ्याकडेही असतात. वर्ग देतो ती मुदत. अमुक तारखेला काहीतरी करून आणायचं, चारचौघांत दाखवायचं आणि त्यावर बोलून घ्यायचं. सिनेमाच्या वेडानं मुंबईची गाडी पकडणाऱ्या पोरांना नेमकी हीच गोष्ट मिळत नाही.

मंजुळेंचा सोलापूर जिल्हा तसा पडद्यावर पुष्कळ दिसला. ‘सैराट’मधली करमाळ्याची शिवारं, अकलूजची रिंकू राजगुरू, ‘फँड्री’त जब्या झालेला केमचा सोमनाथ अवघडे. त्याहून जुनं उदाहरण डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेला आणि १९४२ मध्ये तिथंच वारला. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला आणि नायकही स्वतःच झाले. चिन्यांनी १९८२ मध्ये आपला वेगळा चित्रपट केला. पण ही सगळी कथापटांची नावं. खऱ्या माणसांना, खऱ्या जागी, त्यांच्याच आवाजात टिपणाऱ्या माहितीपटांची यादी करायला बसलं की बोटं लवकर संपतात. शहरात विषयांची वानवा आहे म्हणून नव्हे.

विद्यापीठ आणि माहितीपट यांचं नातं भारतात सिनेमाइतकंच जुनं आहे. डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मुंबईत परतले. त्यांच्या स्वागताचं चित्रीकरण हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी केलं. भारतीय माणसानं स्वतःच्या कॅमेऱ्यानं टिपलेल्या पहिल्यावहिल्या वार्तापटांत त्याची गणना होते. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ यायला अजून बारा वर्षं होती. म्हणजे देवादिकांच्या आधी आपल्याकडे पडद्यावर आला तो परीक्षेत पहिला आलेला मराठी मुलगा! महाराष्ट्राच्या स्वभावाला हे शोभूनही दिसतं.

पुढे विद्यापीठांनीच कॅमेरा हातात घेतला. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले. त्या काळी ज्यांच्या घरात टीव्ही होता त्यांना भरदुपारचे ‘यूजीसीचे कार्यक्रम’ आठवत असतील. ते तयार करण्यासाठी देशभरच्या विद्यापीठांत निर्मितिकेंद्रं निघाली. पुणे विद्यापीठातलं केंद्र त्यांपैकी एक. दिल्लीत जामिया मिलियानं १९८२ मध्येच आपलं जनसंज्ञापन केंद्र उभारलं होतं. तिथं शिकलेल्या रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष या जोडीच्या ‘रायटिंग विथ फायर’ला पुढे ऑस्करचं नामांकन मिळालं.

मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर हे प्राध्यापक दांपत्य शिकवता शिकवता माहितीपट करत राहिलं. त्यांचा २००१ सालचा ‘साचा’ सोलापूरकरांनी आवर्जून पाहावा असा आहे. कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या आधारानं तो गिरण्यांच्या मुंबईची गोष्ट सांगतो. गिरण्या बंद पडल्यावर शहराचं काय होतं, हा प्रश्न सोलापूरच्या कुठल्याही गिरणी कामगाराच्या घरी विचारून पाहावा.

सुमित्रा भावे यांचं उदाहरण आणखी वेगळं आहे. त्या समाजकार्याच्या प्राध्यापक. झोपडपट्टीतल्या स्त्रियांच्या जगण्यावर संशोधन करत होत्या. अहवाल तर लिहिला जाणार होता, पण ज्या बायकांविषयी तो होता, त्यांच्यापर्यंत तो पोचणार कसा? त्यातून १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट झाला, सुनील सुकथनकर सोबतीला आले आणि एका संशोधनातून मराठीतली एक मोठी चित्रपट-कारकीर्द उभी राहिली. विद्यापीठातल्या सिनेमाचं इतकं साधं आणि सबळ कारण दुसरं सापडणं अवघड.

आता खुद्द सोलापूर. इथलं विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी सुरू झालं. त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. एकाच जिल्ह्यापुरतं असलेलं हे विद्यापीठ २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावानं ओळखलं जातं. पुणे रस्त्यावर केगावला त्याचं आवार आहे आणि सामाजिक शास्त्रांच्या संकुलात जनसंज्ञापन विभागही आहे. एका जिल्ह्याचं विद्यापीठ म्हणून काही जण नाक मुरडतात. माहितीपट करणाऱ्यासाठी मात्र ती सोयच म्हणायची. वर्गातला एक पंढरपूरचा, एक अक्कलकोटचा, एक बार्शीचा, एक शहरातल्या पूर्व भागातला. म्हणजे निम्मं संशोधन बाकावर येऊन बसलेलं असतं.

भाषेचंही तेच. पूर्व भागातल्या पद्मशाली घरात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, गल्लोगल्ली दखनी हिंदी आणि उर्दू, आणि या सगळ्यांना बांधणारी सोलापुरी मराठी. बाहेरच्या युनिटला इथं दुभाषा शोधावा लागतो. त्यातून दुभाषा नेहमी सभ्य आणि आटोपशीर भाषांतर करतो, निम्मा राग आणि सगळा विनोद वाटेत सांडतो. इथल्या विद्यार्थिनीला आजीची तेलुगू कळते, शेजारणीची चेष्टा कळते आणि कुठला प्रश्न विचारायचा नाही तेही कळतं.

विडी कामगार बाईचं चित्रीकरण घ्या. दाराच्या उजेडात मांडीवर सूप घेऊन ती बसलेली असते. भिजवून मऊ केलेली पानं मापाच्या पत्र्यावर ठेवून कात्रीनं कापून घेतलेली. एक पान उचलायचं, चिमूटभर तंबाखू पसरायचा, बोटांत वळायचं, टोक दुमडायचं, दोऱ्याचा वेढा द्यायचा आणि पुढचं पान घ्यायचं. मजुरी हजारावर मिळते, त्यामुळं कॅमेऱ्यासाठी ती थांबणार नाही आणि तिनं थांबूही नये. नवखा विद्यार्थी इथं चुकतो. ‘मावशी, जरा हळू करा ना,’ म्हणतो. हात अवघडतात, विडी सैल होते आणि तपासणीत नापास होणाऱ्या विड्यांत भर पडते. खरं तर हळू करायची गरजच नसते. तीच क्रिया ती दिवसातून शेकडो वेळा करते. आधी पाच मिनिटं सगळी खोली दिसेल असं चित्रण घ्यायचं, मग नुसते हात, मग चेहरा, मग बाजूला अभ्यास करणारी मुलगी. एडिटिंगला बसल्यावर हे तुकडे असे जुळतात की पाहणाऱ्याला एकच विडी वळताना दिसते. फक्त तंबाखूच्या धुळीनं कॅमेरामनला शिंक येते, ती ऐन वेळी आवाजात शिरते.

यंत्रमागाच्या कारखान्यात गाठ पडते ती आवाजाशी. चादरी आणि टॉवेल विणणारे माग चालू असताना आत दोन माणसं बोलतात ती एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन. तिथं कॉलर माइक लावून मुलाखत घेणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. जाणते लोक काम तीन भागांत करतात. माग चालू असताना नुसतं चित्र घ्यायचं; मागांचा आवाज वेगळा, स्वच्छ, दोनचार मिनिटं सलग ध्वनिमुद्रित करायचा; आणि बोलणं चहाच्या सुट्टीत, भिंतीच्या आडोशाला. वीज गेली की मालक कपाळाला हात लावतो, पण ध्वनिमुद्रण करणाऱ्याची चांदी होते. आणखी एक बारकावा ट्यूबलाइटचा. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. कॅमेऱ्याचा शटर त्याच्याशी जुळवून एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंदावर ठेवला नाही तर चित्रात उजेड लुकलुकतो. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर ते कळत नाही. कळतं ते सभागृहात, सगळ्यांसमोर.

गड्ड्याच्या यात्रेचं प्रकरण या रोज चालणाऱ्या कामांच्या अगदी उलट. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा भरते, सात नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा होतो. अक्षता पडतात तो क्षण वर्षातून एकदाच येतो. ‘पुन्हा एकदा करा’ म्हणायची सोय नाही. म्हणून तयारी आठवडाभर आधीपासून लागते. मिरवणूक कुठल्या बोळात वळते, ऊन कुठल्या बाजूनं असेल, कुणाच्या गच्चीवर उभं राहता येईल, त्या गच्चीच्या मालकाला कोण ओळखतं! ड्रोन उडवायचा मोह सगळ्यांना होतो. पण २०२१ च्या ड्रोन नियमांनंतर अडीचशे ग्रॅमच्या वरच्या ड्रोनसाठी नोंदणी लागते आणि यात्रेच्या गर्दीवर तो उडवायचा तर आधी पोलिसांशी बोलावं लागतं. शिवाय हर्र बोला हर्रचा गजर गच्चीवरून पकडता येत नाही. त्यासाठी एकानं माइक घेऊन गर्दीत शिरलंच पाहिजे.

पंढरीच्या वारीवर आजवर खूप कॅमेरे रोखले गेले. त्यातला एक लक्षात राहणारा माहितीपट जर्मनीच्या हायडेलबर्ग विद्यापीठातले प्राध्यापक ग्युंथर सोंथायमर यांनी हेनिंग श्टेगम्युलर यांच्यासोबत केला. सोंथायमर खंडोबा, बिरोबा आणि धनगरांच्या परंपरांचे अभ्यासक. मराठी मुलखात वर्षानुवर्षं हिंडलेले. पालखी सोलापूर जिल्ह्यात येते आणि विसावतेही इथंच, पण तिच्याकडे अभ्यासकाच्या नजरेनं पाहणारा कॅमेरा जर्मनीतून आला. याचा राग मानण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे एक विषय वीस वर्षं धरून ठेवायची चिकाटी होती आणि तशी मुभा देणारं विद्यापीठ होतं. आपल्याकडे एका सत्राचे पाच-सहा महिने मिळतात, त्यातले दोन परीक्षेत आणि एक युवा महोत्सवात जातो.

खर्चाचं गणित आता बदललं आहे. फिल्मच्या काळात सोळा मिलिमीटरचं चारशे फुटांचं एक रीळ जेमतेम अकरा मिनिटं चालायचं. रीळ, ते धुणं, त्याची प्रत काढणं, या सगळ्याचे पैसे मोजताना कॅमेऱ्याचं बटण दाबायला हात थरथरायचा. आता मोबाइलवर चांगलं चित्र मिळतं आणि ‘डाविंची रिझॉल्व्ह’सारखं एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट उतरवता येतं. पण फुकट म्हणून दिवसभर बटण चालूच ठेवलं की दुसरं संकट उभं राहतं. शंभर मेगाबिटच्या दरानं फोर-केमध्ये चित्रण केलं तर तासाला पंचेचाळीस जीबी लागतात. वीस मिनिटांच्या माहितीपटासाठी दहा तासांचं चित्रण ही काही चैन नव्हे. तेवढ्याला साडेचारशे जीबी झाले आणि सुरक्षित प्रतीसाठी आणखी तेवढेच. मग ते दहा तास कुणीतरी बसून पाहायचे, बोलणं शब्दन्‌शब्द उतरवून काढायचं. एक तासाचं बोलणं उतरवायला चार-पाच तास सहज जातात, तेही बोलणारा एकाच भाषेत बोलत असेल तर.

पैसे खर्चायचेच असतील तर आधी माइकवर खर्चावेत, असं या धंद्यातला कुणीही सांगेल. हललेलं चित्र प्रेक्षक खपवून घेतो. न ऐकू येणारं बोलणं नाही. तरी कॉलेजची खरेदी निघाली की पहिली नजर कॅमेऱ्यावरच जाते. तो उद्घाटनाच्या फोटोत छान दिसतो.

परवानगीचा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही. मुलाखत देणाऱ्याची लेखी संमती आणि लहान मुलांच्या बाबतीत पालकांची सही लागते. संमतीचा कागद समोरच्याला कळेल अशा भाषेत हवा. विडी कामगार बाईनं मजुरीची तक्रार कॅमेऱ्यापुढं केली आणि तो तुकडा दुसऱ्या दिवशी मोबाइलवर फिरला, तर काम तिचं जातं. दिग्दर्शकाला फार तर दोन गुण कमी मिळतात. अजय-अतुलचं गाणं पार्श्वसंगीताला डकवायची सवयही इथंच मोडायला हवी. वर्गात चालून जातं, महोत्सवात अडवतात. आणि सार्वजनिक प्रदर्शन करायचं तर १९५२ चा चित्रपट कायदा माहितीपटालाही लागू आहे. माहितीपटकार आनंद पटवर्धन यांची निम्मी हयात प्रमाणपत्र आणि कोर्ट यांत गेली, ती त्यामुळंच.

विषय शोधायला तर इथं कॅमेऱ्याआधी कागद वाचायला हवेत. १८७० च्या दशकात उभी राहिलेली सोलापूरची जुनी गिरणी १९४९ मध्ये बंद पडली, सरकारनं १९५० च्या जानेवारीत वटहुकूम काढून ती ताब्यात घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. चरणजितलाल चौधरी खटला या नावानं तो निकाल आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. सोलापुरातले कायद्याचे किती विद्यार्थी ती गिरणी कुठं होती ते बघायला गेले असतील? १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांची नावं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. मात्र तो काळ पाहिलेलं माणूस आता मिळणार नाही. उरले ते दप्तरखान्यातले कागद आणि घरोघरच्या ऐकीव गोष्टी. नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू या गिरण्यांचे कामगार अजून बोलायला आहेत, त्यांच्यापाशी भोंगा, पाळी, संप, थकलेली देणी हे सगळं तोंडपाठ आहे. कुंभारीजवळ विडी कामगार बायकांनी लढून मिळवलेली गोदूताई परुळेकर वसाहत आहे, दहा हजार घरांची. एकेका घरावर एक माहितीपट म्हटलं तरी पदवीच्या कित्येक तुकड्या पुरतील.

हे सगळं जमलं, माहितीपट झाला, तोंडी परीक्षा झाली, गुण पडले. पुढं काय? इथंच घोडं पेंड खातं. बहुतेक ठिकाणी पेन ड्राइव्ह विभागात जमा होतो आणि तिथून पुढं त्याचा पत्ता लागत नाही. महोत्सव आहेत; मुंबईचा ‘मिफ’ १९९० पासून दर दोन वर्षांनी माहितीपट आणि लघुपटांसाठी भरतो. पण महोत्सवात निवडला जाणारा शंभरातला एखादा. बाकीचे यूट्यूबवर चढतात, मित्रमंडळी पाहतात. ज्या कारखान्यात, ज्या गल्लीत चित्रण झालं, तिथल्या लोकांना तो दाखवायचं मात्र राहून जातं. गणपतीच्या मांडवात प्रोजेक्टर लावून हे सहज होण्यासारखं आहे. पहिली पाच मिनिटं लोक स्वतःलाच ओळखून हसतील, मग चुका काढतील. त्या चुका ऐकणं हा अभ्यासक्रमाचा भाग असायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट जपणुकीची. पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मची हजारो रिळं जळाली, त्याची हळहळ अजून होते. विद्यार्थ्यांचे माहितीपट जायला आगही लागत नाही. नव्या तुकडीला जागा हवी म्हणून हार्ड डिस्क फॉरमॅट होते आणि एका क्लिकमध्ये वर्षभराचं काम जातं. त्यात तयार माहितीपटापेक्षाही मोलाची चीज जाते, ती म्हणजे मूळ मुलाखती. गिरणी कामगार दोन तास बोललेला असतो, माहितीपटात त्यातली चार मिनिटं येतात. उरलेले एक तास छप्पन्न मिनिटं उद्याच्या इतिहासकाराला, भाषेच्या अभ्यासकाला, त्याच्या नातवालासुद्धा हवे असणार.

पीएच. डी.चा प्रबंध ग्रंथालयात जमा केल्याशिवाय पदवी मिळत नाही, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानुसार त्याची डिजिटल प्रत ‘शोधगंगा’वरही चढवावी लागते. माहितीपटालाही तसाच दाखल क्रमांक, मुलाखतींच्या मूळ फाइली, संमतीचे कागद आणि कुणाचं चित्रण कुठं, कधी झालं याची एक पानभर नोंद, एवढं बंधनकारक करायला विद्यापीठाला नवी इमारत लागणार नाही. लागेल ते अभ्यास मंडळाच्या बैठकीतलं अर्ध्या तासाचं कामकाज आणि काही हजारांच्या दोन हार्ड डिस्क, एक विभागात आणि दुसरी ग्रंथालयात.